राजापूरची इंग्रजांची वखार: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

राजापूरच्या वखारीबद्दल मी थोडं थोडं लिहायला लागल्यापासून मेसेज येतच असतात, त्यातले निम्मे प्रश्न तेच तेच असतात म्हणून सगळे एका जागी आणले. जिथे एकाचं उत्तर दुसऱ्यात आलंय तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. ही वखार नक्की कुठे आहे? बोर्ड वगैरे आहे का?

राजापूर म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मुंबई-गोवा हायवेवर. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या इथे भेटतात आणि तिथून पुढे खाडी होऊन पाणी जैतापूरकडे समुद्राला जातं. वखार खाडीच्या अंगाला होती, आवार थेट पाण्यापर्यंत उतरलेलं. बोर्ड शोधत बसू नका, गावात कुणाही जाणत्या माणसाला "वखार कुठे" म्हणून विचारा, हा शब्द अजून चालतो.

२. वखार म्हणजे कारखाना का? इंग्रजीत तर 'फॅक्टरी' म्हणतात.

नाही, आणि हा घोळ शाळेच्या पुस्तकापासून सुरू होतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या गुमास्त्याला इंग्रजीत 'फॅक्टर' म्हणायचे, तो राहतो आणि माल साठवतो ती 'फॅक्टरी'. तिथे काही बनत नव्हतं. आपल्याकडे वखार हा शब्द बरोबर बसतो, आजही आपण लाकडाची वखार, कोळशाची वखार म्हणतो आणि सरकारचं वखार महामंडळ आहे, तोच अर्थ. खाली कोठारं, मालाची चढउतार करायला मोकळं अंगण, राहायच्या खोल्या आणि हिशेबाला बसायची जागा, असं समजा म्हणजे चित्र उभं राहील.

३. एवढी बंदरं सोडून इंग्रज राजापुरातच का आले?

मिरी आणि वेलदोडे, एका वाक्यात उत्तर हेच. पण नीट सांगायचं तर राजापूर हे आदिलशाहीचं बंदर होतं आणि त्याच्या मागे घाटावर रायबाग, हुबळीसारख्या पेठा होत्या जिथे कापड आणि मसाल्याचा माल गोळा व्हायचा. तो माल बैलांच्या तांड्यांवर लादून अणुस्कुऱ्यासारख्या घाटाने खाली उतरायचा आणि राजापूरला गलबतात चढायचा. अणुस्कुऱ्याची जुनी फरसबंद वाट अजून काही ठिकाणी पायाखाली लागते, दगड गुळगुळीत झालेत. मी त्या वाटेने उतरलोय, पाठीवर नुसती सॅक असताना गुडघे बोलायला लागतात, आणि तिथून गोण्या लादलेले बैल उतरायचे. मला विचाराल तर वखार समजून घ्यायची असेल तर आधी ही वाट चाला, मग खाडीवर या, कारण वखार म्हणजे घाट आणि समुद्र यांच्या मधला मुक्काम होता.

दुसरं कारण म्हणजे सुरक्षितता. राजापूर समुद्रापासून साधारण १५ मैल आत आहे. समुद्रावरून कुणी येणार असेल तर खाडीत शिरताच बातमी लागायची. पण हाच आतला मुक्काम पुढे त्यांच्या अंगाशी कसा आला ते प्रश्न ६ मधे आहे.

४. वखार कधी सुरू झाली?

ईस्ट इंडिया कंपनीची वखार १६४९ च्या सुमाराची. त्याच्या दहाएक वर्षं आधी कोर्टीन नावाच्या सावकाराच्या इंग्रज मंडळींनी इथे व्यापार करून बघितला होता, ती कंपनीची प्रतिस्पर्धी मंडळी. म्हणून कुठे १६३८ च्या आसपासचा उल्लेख सापडला तर तो चुकीचा नाही, फक्त ती दुसरी मंडळी. पुढे फ्रेंचांनीही राजापुरात वखार घातली, त्यामुळे जुन्या कागदात "राजापूरची वखार" दिसली की आधी कोणाची ते बघायचं.

५. आत काय माल असायचा?

बाहेर जाणारा माल म्हणजे मिरी, वेलदोडे, सुती कापड, सोरा (बंदुकीच्या दारूत लागतो तो). येणारा माल म्हणजे शिसं, तांबं आणि बनात, म्हणजे लोकरीचं जाड कापड, जे कोकणच्या उकाड्यात कोण घालणार असा प्रश्न पडतो, पण ते दरबारात, फौजेत, झुली-पडद्यांना खपायचं. सगळा व्यवहार स्थानिक दलालांमार्फत चालायचा. इंग्रज मोजके चारसहा, बाकी दलाल, तोलणारे, हमाल, गलबतवाले सगळी आपली माणसं, हे कुणी लिहीत नाही म्हणून मी मुद्दाम लिहितोय. वखार इंग्रजांची म्हणतो पण तिच्यात दिवसभर बोलली जाणारी भाषा आपलीच असणार.

६. शिवाजी महाराजांनी वखार लुटली ती का? इंग्रजांनी नक्की काय केलं होतं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

नोव्हेंबर १६५९ मधे अफझलखान मारला गेला आणि महाराजांची फौज कोकणात आणि पन्हाळ्याकडे पसरली. अफझलखानाची जहाजं राजापूर बंदरात होती, ती ताब्यात घ्यायला जानेवारी १६६० मधे मराठी फौज आली. इंग्रजांनी त्यात मदत करायला हात आखडता घेतला, तेव्हा त्यांचा दलाल आणि फिलिप गिफर्ड नावाचा गुमास्ता पकडला गेला. हे प्रकरण पुढे मिटलं आणि माणसं सुटली. इथपर्यंत वखारीला धक्का लागलेला नाही, हे लक्षात ठेवा.

मग सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, महाराज आत. त्या वेळी राजापूरच्या वखारीचा मुख्य होता हेन्री रेव्हिंग्टन. त्याने सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवला, नुसता पुरवला नाही तर स्वतः पन्हाळ्याखाली जाऊन गडावर गोळे टाकले आणि वर इंग्रजांचं निशाण फडकवलं. व्यापाऱ्याने माल विकणं वेगळं आणि निशाण लावून गडावर मारा करणं वेगळं. महाराजांनी ते गडावरून बघितलं आणि विसरले नाहीत.

जुलै १६६० मधे महाराज पन्हाळ्यावरून निसटले, ती पावनखिंडीची रात्र सगळ्यांना माहीत आहे. पुढे फेब्रुवारी १६६१ मधे उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाची वाट अडवून त्याला नमवलं आणि तिथूनच महाराज दक्षिण कोकणात उतरले, आणि मार्च १६६१ मधे राजापूर गाठलं. वखार ताब्यात घेतली, माल जप्त केला, रेव्हिंग्टन, गिफर्ड आणि बाकीच्यांना कैद केलं. शहरातल्या इतर व्यापाऱ्यांकडूनही वसुली झाली. समुद्रावरून इंग्रजांना मदत यायची तर खाडीतून १५ मैल, आणि घाटावरचा रस्ता मराठ्यांकडे, म्हणजे दोन्ही दारं बंद.

यातली खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कैद्यांनी सुरतेला, म्हणजे कंपनीच्या मुख्य ठाण्याला, पत्रावर पत्रं पाठवली की आम्हाला सोडवा. सुरतेच्या इंग्रजांनी मार्च १६६२ मधे जे उत्तर धाडलं त्याचा मथितार्थ असा, की तुम्ही कंपनीचा माल राखताना कैद झाला नाहीत, पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन इंग्रजांचं निशाण लावून गोळे टाकलेत म्हणून झालात. त्यांच्याच साहेबांनी चूक मान्य केली आहे, तेही कागदावर. म्हणून "व्यापाऱ्यांवर उगाच हल्ला केला" असं कुणी म्हणालं तर भांडत बसू नका, हे पत्र सांगा.

७. काही पुस्तकात १६६० लिहिलंय, काहीत १६६१. खरं कुठलं?

१६६१. घोळ का होतो ते सांगतो. त्या काळी इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे मार्चच्या सुरवातीचा कागद असेल तर त्यावर ते आधीचंच साल घालणार. आपण १ जानेवारीपासून मोजतो म्हणून आपल्या हिशेबाने १६६१. शिवाय १६६० च्या जानेवारीतलं अफझलखानाच्या जहाजांचं प्रकरण (प्रश्न ६) वेगळं आहे, ते दोन्ही एकत्र केलं की आणखी गोंधळ. जुन्या इंग्रजी कागदातली जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चची कुठलीही तारीख वाचताना हे डोक्यात ठेवायचं.

८. कैदी कुठे ठेवले होते आणि सुटले कधी?

महाडजवळच्या सोनगडावर ठेवले होते. तिथून पळायचा प्रयत्न फसला तेव्हा रायरीवर, म्हणजे आताच्या रायगडावर हलवले आणि पहारा कडक झाला. मधे बोलणी चालू होती. दंडाराजपुरी (प्रश्न १४) घ्यायला मदत करतो, आम्हाला सोडा, असाही प्रस्ताव त्यांच्याकडून आला होता. शेवटी फेब्रुवारी १६६३ मधे सुटका झाली. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं.

९. वखारीत खणल्यावर खजिना सापडला का? अजून काही पुरलेलं असेल का?

खणती लावली होती हे खरं आहे. १६६१ मधे वखार ताब्यात घेतल्यावर मराठी फौजेने तिथली जमीन उकरली, कारण त्या काळी रोकड, सोनं जमिनीत पुरून ठेवायची सर्रास पद्धत होती आणि वखारीत माल किती हे बघून कुणालाही वाटणार की खाली आणखी असेल.

आता दुसऱ्या भागाचं उत्तर, आणि हे मी कळकळीने लिहितोय. काही नाही. ज्यांनी खणलं ते याच कामात तरबेज होते आणि त्यांनी काही मागे ठेवलं नसणार. त्यानंतर तिथे परत व्यापार चालला, मग सरकारी कचेरी चालली. कृपा करून पहार घेऊन तिथे जाऊ नका. पडक्या जागेत एक दगड निखळला की वरचे चार येतात, आणि एका पावसाळ्यात ती भिंत जाते. जुन्या जागेचं गुप्तधनाच्या हावेने झालेलं नुकसान मी डोळ्याने बघितलंय, दुसऱ्या एका गावात, आणि ते परत जोडता येत नाही.

१०. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांना भरपाई दिली म्हणतात, किती दिली?

१०,००० होन (तेव्हाचं सोन्याचं नाणं) ठरले. जून १६७४ ला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला होता, राज्याभिषेकाला हजर होता, आणि त्याच मुक्कामात तह झाला. त्यात राजापूरच्या नुकसानीचं कलम होतं.

पण रक्कम हातात मोजून दिलेली नाही, आणि हा हिशेब मला फार आवडतो. इंग्रजांनी तीन वर्षं दरवर्षी ५,००० होनांचा माल महाराजांकडून घ्यायचा आणि पैसे निम्मेच द्यायचे. म्हणजे वर्षाला २,५०० होन सुटले, तीन वर्षांत ७,५००. उरलेले २,५०० राजापूरच्या जकातीत सूट म्हणून वळते करायचे. झाले १०,०००. तिजोरीतून एक होन रोख बाहेर गेला नाही, स्वराज्यातला माल खपला, आणि सूट घ्यायची तर इंग्रजांना राजापुरात वखार परत उघडून व्यापार करणं भाग. एकाच कलमात तीन कामं केलीत. शाळेत आम्हाला फक्त "भरपाई दिली" एवढंच शिकवलं होतं.

तहातली सगळी मागणी काही मान्य झाली नाही हेही सांगतो. इंग्रजांचं नाणं राज्यात चालावं ही अट आणि किनाऱ्याला लागलेली फुटकी जहाजं त्यांना परत मिळावीत ही अट, या दोन्हीला महाराजांनी नकार दिला.

११. मग वखार परत सुरू झाली का?

झाली, तहानंतर लगेचच्या काळात. पण फायद्यात कधीच आली नाही आणि थोड्याच वर्षांत इंग्रजांनी तिथून गाशा गुंडाळला. लोक म्हणतात लुटीमुळे वखार संपली, ते बरोबर नाही, लुटीनंतर ती परत उघडली होती. संपली ती धंदा बसल्यामुळे. मुंबई त्यांच्या हातात आली होती आणि त्यांचं सगळं लक्ष तिकडे गेलं, घाटावर लढाया चालू असल्यामुळे माल खाली उतरेना, मग खाडीच्या टोकाला माणसं बसवून करायचं काय.

१२. इंग्रज गेल्यावर इमारतीचं काय झालं?

राजापूर १७१३ मधे आंग्र्यांकडे आलं, १७५६ मधे पेशव्यांकडे, आणि १८१८ मधे पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांकडे. म्हणजे जिथे ते जकातीत सूट मिळावी म्हणून अर्ज करत होते तिथे ते जकात घेणारे होऊन परत आले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारचं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, लिहिलं गेलं तेव्हा ही भक्कम दगडी इमारत आणि खाडीपर्यंत उतरणारं आवार शाबूत होतं आणि तिथे सरकारी कचेरी भरत होती. त्याच नोंदीत राजापूरला कोकणातलं सगळ्यात जुनं दिसणारं आणि सगळ्यात नीट टिकलेलं गाव म्हटलंय. अरुंद चढउताराच्या गल्ल्या, फरसबंद आणि वरून छप्पर घातलेला बाजार. कोकणातल्या पावसात छपराचा बाजार म्हणजे किती शहाणपणाची गोष्ट आहे हे तिथे जुलैत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

१३. आता जे पडके अवशेष आहेत ते थेट १६४९ चे आहेत का?

प्रत्येक दगडावर १६४९ लिहू नका. १६६१ ला जमीन खणली गेली, १६७४ नंतर परत वापर सुरू झाला तेव्हा दुरुस्ती झालीच असणार, पुढे कचेरी भरायची म्हणजे दारं, खिडक्या, छप्पर बदललं असणार. जागा तीच, पण दोनअडीचशे वर्षांची डागडुजी एकावर एक चढलेली, असंच जुन्या व्यापारी इमारतीकडे बघायचं असतं. देऊळ किंवा गड आहे तसा ठेवायचा प्रयत्न होतो, दुकान मात्र ज्याच्या हातात जाईल तो आपल्या सोयीने फोडतो-जोडतो.

१४. राजापूर आणि दंडाराजपुरी एकच का?

नाही! दंडाराजपुरी म्हणजे जंजिऱ्यासमोरचा मुलूख, रायगड जिल्ह्यात, सिद्दीचा. राजापूर त्याच्या बरंच दक्षिणेला. इंग्रजी कागदात दोन्ही नावांची स्पेलिंग इतकी जवळ येतात की चांगले चांगले फसतात, आणि प्रश्न ८ मधे तर दोन्ही नावं एकाच गोष्टीत आली आहेत. संदर्भात सिद्दी किंवा जंजिरा असेल तर राजपुरी, मिरी किंवा वखार असेल तर बहुतेक राजापूर.

१५. वेंगुर्ल्याला पण वखार आहे ना, तीच का ही?

ती डचांची, सिंधुदुर्ग जिल्ह्यात. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना तिथून रसद मिळायची, म्हणजे तिचं काम वेगळं होतं. तिचे फोटो राजापूरची म्हणून फिरत असतात, फॉरवर्ड करायच्या आधी बघा.

१६. गॅझेटियरमधे १६७० ला वखार दुसऱ्यांदा लुटली असं आहे, ते तुमच्या यादीत का नाही?

मुद्दाम घेतलं नाही. १६६१ नंतर थेट १६७४ च्या तहापर्यंत इंग्रजांची वखार राजापुरात चालूच नव्हती, मग १६७० ला लुटणार काय. तहाच्या बोलण्यात १६६१ च्याच नुकसानीचा हिशेब चालला होता. छापील आहे म्हणून उतरवून घ्यायचं नसतं, दोन तारखा शेजारी ठेवून बघितलं की कळतं.

१७. आज्ञापत्रात राजापूरचं नाव येतं म्हणतात, कशासाठी?

हो, आणि माझ्या मते या वखारीवर मराठीत झालेला सगळ्यात खोल विचार तो आहे. आज्ञापत्र म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचा राज्यकारभारावरचा ग्रंथ, त्यात त्यांनी टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपियन व्यापाऱ्यांबद्दल, बजावलंय की हे बाकीच्या सावकारांसारखे नाहीत, यांच्या मागे राज्यं आहेत. म्हणून यांना वखारीसाठी समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये, तिथे ते किल्ला करतील. द्यायचीच तर किनाऱ्यापासून आत, राजापूरसारख्या नावाजलेल्या शहरात, तीही सखल, शहराच्या आवाक्यात राहील अशी, आणि पक्की मजबूत इमारत बांधू देऊ नये. वखारीच्या जागेवर उभं राहून हे आठवलं की अंगावर काटा येतो. खाडीच्या टोकाला, मागे चढ, चढावर गाव. वरून कुणीही बघावं, आणि खालच्याला पळायला एकच पाण्याची वाट.

१८. खाडीतून मोठी जहाजं खरंच गावापर्यंत यायची? आता तर होडी पण कष्टाने जाते.

यायची, पण हळूहळू गाळ भरत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठं गलबत जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबायचं. तरी तेव्हाही रत्नागिरी जिल्ह्यात अरबांची गलबतं थेट यायची ती राजापूरलाच. आता तोच गाळ पावसाळ्यात नद्यांचं पाणी जवाहर चौकात आणतो.

१९. बघायला यायचं तर कधी यावं, आणि दिवस भरेल का?

दिवाळीनंतर या. पावसाळ्यात दगडांवर इतकं शेवाळ आणि रान असतं की दोन हात लांबची भिंत दिसत नाही, आणि साप असतात. रेल्वेने येणार असाल तर राजापूर रोड स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, गाडीची सोय आधी करा. उन्हाळे गावातले गरम पाण्याचे झरे, धूतपापेश्वराचं देऊळ, आणि गंगा (अधूनमधूनच प्रकटणारा झरा) आली असेल तर गंगातीर्थ एवढं धरलं की दिवस कमी पडतो.

२०. मुलीला शाळेचा प्रोजेक्ट करायचाय, मूळ कागद कुठे मिळतील?

कंपनीचा पत्रव्यवहार लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्यातला बराच भाग छापून झालाय, मोठ्या ग्रंथालयात मिळतो. पण शाळेच्या प्रोजेक्टला मी वेगळं सुचवीन. प्रश्न १० मधला हिशेब तिला स्वतः मांडायला सांगा, आणि प्रश्न ३ मधला रस्ता नकाशावर पेन्सिलीने काढायला सांगा, हुबळी, रायबाग, अणुस्कुरा, राजापूर, जैतापूर.

२१. आमच्या घरी वखारीचा / कचेरीचा जुना फोटो आहे, काही उपयोग आहे का?

खूप आहे! कचेरीसमोर उभं राहून काढलेला आजोबांचा फोटो असला तरी मागची भिंत, दार, छपराचा उतार त्यात दिसतो, आणि प्रश्न १३ चं उत्तर अशाच फोटोंतून पुढे सरकणार आहे. फ्रेममधून काढू नका, काचेसकट दिवसाउजेडी मोबाईलवर फोटो घ्या, मागे काही लिहिलेलं असेल तर तेही घ्या, आणि कुणी, साधारण कधी काढला एवढं घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला याच आठवड्यात विचारून घ्या.